गेलेल्याच्या नावावरच राहू द्या

हिंजवडीतला जुना सिस्टीम प्रोग्रामर ९० दिवसांचा नोटीस पिरियड संपवून निघाला, की रॅकएफमध्ये, म्हणजे मेनफ्रेमवर कुणाला काय उघडता येईल ते ठरवणाऱ्या सुरक्षा प्रणालीत, त्याच्या नावावर असलेलं सगळं तसंच राहू द्या. मुळशीतल्या कित्येक सातबाऱ्यांवर अजून पणजोबा आहेतच की. फेरफार पुढची पिढी बघेल.

निरोपाच्या केकची सुरी धुवायच्या आत डेलयूजर, म्हणजे युजर काढायची कमांड, मारा. रॅकएफ कधी अडून बसतं: आयडीच्याच नावाने सुरू होणाऱ्या डेटासेट प्रोफाइल (फाइलींच्या परवानग्यांच्या नोंदी) शिल्लक असतील तर युजर काढू देत नाही. मग त्या डेलडीएसडीने उडवा. प्रोटेक्टऑल (प्रोफाइल नसलेली फाइल अडवणारं सेटिंग) कडक लावलेलं असेल तर महिनाअखेरीचा पगाराचा बॅच परवानगी नाकारल्याचा आयसीएच४०८आय संदेश दाखवत आडवा होईल. नसेल तर अजून बरं, फाइल सगळ्यांनाच उघडी.

बाकीच्या प्रोफाइलवर मात्र तो ओनर म्हणून आणि अ‍ॅक्सेस लिस्टमध्येही सुखेनैव नांदतो. त्याला डेलयूजर हात लावत नाही. पुढे त्याच आद्याक्षरांचा कुणी नवा आला आणि तोच आयडी त्याला दिलात, की पहिला चहा यायच्या आधी पगाराच्या फाइलवर त्याला ऑल्टर, म्हणजे सगळ्यात वरचा हक्क. एवढं आपुलकीचं स्वागत दुसरीकडे कुठे होतं?

मालकी बदलायचीच झाली तर ऑल्टडीएसडी, ओनर, नवा आयडी, एंटर. एवढ्यावर थांबा. जुन्याचं नाव लिस्टमधून आपोआप जात नाही, त्याला वेगळं पर्मिट-डिलीट लागतं. तुम्ही लिस्टडीएसडी मारूच नका, म्हणजे दिसणार नाही. जनरल रिसोर्सला (फाइलींखेरीजच्या गोष्टींना) आरऑल्टर आणि युजर प्रोफाइलला ऑल्टयूजर लागतं, हेही कुणाला आठवू देऊ नका. ऑडिटरने विचारलंच तर सांगा, ‘ओनर असला म्हणून डेटा वाचता येत नाही.’ खरंच आहे ते. ओनर स्वतःलाच पर्मिट देऊ शकतो, हे पुढचं वाक्य गिळा.

ग्रुपला ओनर करा म्हणणारे भेटतील. टाळा. ग्रुप राजीनामा देत नाही, त्याला बंगळुरूची ऑफर येत नाही. मग केक कोणासाठी आणायचा?

आयआरआरआरआयडी००चा आग्रह धरणारा एखादा निघतोच. ही युटिलिटी रॅकएफच्या डेटाबेसचा अनलोड (मजकुरात उतरवलेली प्रत) वाचून आयडीचे सगळे उल्लेख शोधते आणि ते निस्तरायच्या कमांड लिहून देते. तिला दिवाळीआधीचा अनलोड द्या. सिसइनमध्ये, म्हणजे तिच्या इनपुटमध्ये, जुन्या आयडीपुढे नवा आयडी लिहायचा असतो, तो लिहू नका. मग ओनरच्या जागी ती प्रश्नचिन्ह टाकते. डिलीटच्या कमांडआधी एक्झिटची ओळ असते, वरच्या कमांड तपासल्याशिवाय कुणी खाली उतरू नये म्हणून. ती खोडा. शुक्रवारी, साडेपाचला, कंपनीची बस सुटायच्या आधी.