नमपायसोबत ओपनब्लास आधीच येतं

नमपाय म्हणजे पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी, पिप म्हणजे पायथनची पॅकेजं टाकणारं साधन, आणि ओपनब्लास म्हणजे ‘ब्लास’ प्रकारची, म्हणजे मॅट्रिक्सचं गणित वेगाने करणारी लायब्ररी. सध्या एक सल्ला फिरतोय: ‘पिपने टाकलेलं नमपाय संथ असतं, सिस्टिममध्ये ओपनब्लास टाका, मॅट्रिक्सचे गुणाकार लगेच वेगाने होतील.’ हे खरं नाही. पिपने येणाऱ्या लिनक्स आणि विंडोजच्या तयार पॅकेजमध्ये ओपनब्लासची प्रत असतेच. तुम्ही बाहेरून टाकलेल्या प्रतीकडे नमपाय ढुंकूनही पाहत नाही. खात्रीसाठी नमपायचं ‘शो कॉन्फिग’ फंक्शन चालवा, ‘ब्लास’खाली लायब्ररीचं नाव दिसेल. पिपवाल्यांना दुसरी लायब्ररी हवीच असेल, तर नमपाय सोर्सपासून (मूळ कोडमधून) स्वतः बिल्ड करावं लागतं. डेबियन या लिनक्सच्या स्वतःच्या पॅकेजची गोष्ट वेगळी, तिथे ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ या कमांडने ब्लास बदलता येतं.

आणि कृपया, ब्लासला दोष देण्याआधी थ्रेड (प्रोसेसमधली एकाच वेळी चालणारी कामं) मोजा. 8 कोअरवर 8 प्रोसेस, प्रत्येकीत ब्लासचे 8 थ्रेड, म्हणजे 64 थ्रेडची 8 जागांसाठी झटापट.