रेपो दर मुंबईत उतरतो, ठेव चोपड्यात सरकते

२०२५ च्या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसना पैसा देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. घराचे हप्ते भरणाऱ्यांना बरं वाटलं. पण खानदेशातल्या चोपडा किंवा शहादा गावच्या निवृत्त शिक्षकाचं गणित उलटं आहे. दहा लाखांच्या मुदत ठेवीवर व्याज एक टक्क्याने घटलं की वर्षाचे दहा हजार गेले. मग मुदत संपलेली पावती बँकेत पुन्हा लावायची सोडून तो पैसा गल्लीतल्या पतसंस्थेत जातो. तिथे दीड-दोन टक्के जास्त मिळतात, पिग्मी एजंट घरी येतो आणि चेअरमन ओळखीचा असतो.

गावाकडच्या चर्चेत व्याजदर हा एक विषय असतो आणि बुडालेली पतसंस्था हा दुसरा. पहिल्यासाठी रिझर्व्ह बँकेला बोल लावायचा, दुसऱ्यासाठी संचालकांना. मला हे दोन्ही एकच प्रकरण वाटतं. मध्यवर्ती बँक दर उतरवते तेव्हा सावध माणसाचा पैसाही जास्त व्याजाकडे सरकतो, आणि तो जिथे जाऊन थांबतो तिथे तिची देखरेख नसेल तर दराचा निर्णय अर्धाच झाला.

इकडे ब्रिटनमध्येही हेच घडलंय, त्यामुळे ‘साहेबांच्या देशात असं होत नाही’ हे वाक्य मी खोडून काढतो. बँक ऑफ इंग्लंडचा दर एका टक्क्याच्याही खाली असताना लंडन कॅपिटल अँड फायनान्स नावाची कंपनी आठ टक्के देत होती. कंपनीकडे वित्तीय नियामकाची मान्यता होती, पण ती जे रोखे विकत होती ते नियमनाबाहेर होते. जाहिरातीतली मान्यतेची ओळ लोकांनी वाचली, रोख्यांचं बघितलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये कंपनी कोसळली तेव्हा सुमारे ११,६०० लोकांचे २३ कोटी ७० लाख पौंड अडकले होते. नियामकाचीच चूक निघाल्यामुळे सरकारला पुढे कायदा करून ८० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ६८,००० पौंड, भरपाई द्यावी लागली.

‘शासनमान्य’ हा आपल्याकडच्या पाटीवरचा शब्द हेच काम करतो. पतसंस्था सहकार खात्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते, म्हणून ती शासनमान्य हे खरं. मात्र तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि ठेव विमा महामंडळाचं संरक्षणही नसतं. पाच लाखांपर्यंतचा विमा व्यापारी बँका, ग्रामीण बँका, नागरी सहकारी बँका आणि जिल्हा बँकांना आहे. पतसंस्थेला तो लागू नाही, मग ती कितीही जुनी असो आणि इमारत कितीही मजली असो.

यातला एक बारकावा फार कमी ठेवीदारांना माहीत असतो. पतसंस्था आपला शिल्लक पैसा बहुधा जिल्हा बँकेत किंवा नागरी बँकेत ठेवते, आणि चेअरमन सांगतो, ‘आपला पैसा बँकेतच आहे, तिथे विमा आहे.’ विमा आहे, पण तो ठेवीदारामागे पाच लाखांचा, आणि त्या बँकेच्या लेखी ठेवीदार म्हणजे ती पतसंस्था, एकच. दहा हजार सभासदांचे मिळून वीस कोटी असले तरी बँक बुडाल्यावर विम्याचे येणार पाचच लाख. बँक अडकली की पतसंस्था अडकते आणि तिच्यामागे पिग्मीवाला भाजीविक्रेता अडकतो.

या शतकाच्या पहिल्या दशकात जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांची जी पडझड झाली, तिच्यात ही साखळी होतीच. पण मुख्य दुखणं ‘नवं-जुनं’ करण्याचं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात थकलेल्या कर्जदाराला नवं कर्ज मंजूर करायचं, त्यातून जुनं भरून घ्यायचं, आणि अहवालात थकबाकी कमी दाखवायची. नवं कर्ज जुन्यापेक्षा मोठंच असतं, कारण मधलं व्याजही त्यात जिरवायचं असतं. चार-पाच मार्च असे गेले की मूळ दहा लाखांचे अठरा झालेले असतात, तारण मात्र तेवढंच राहतं. हे पकडायचं तर लेखापरीक्षकाने ३१ मार्चच्या ताळेबंदावर न थांबता १५ मार्च ते १५ एप्रिल या काळातल्या कर्जखात्यांच्या नोंदी एकाखाली एक लावून पाहिल्या पाहिजेत. ज्या दिवशी उचल त्याच दिवशी भरणा, असं खातं दिसलं की समजून जावं.

यापुढचं पाऊल आहे ‘मॅचिंग’, आणि ते मला नवं-जुनंपेक्षाही घातक वाटतं. संस्था अडचणीत आली, ठेवी थांबल्या. एका कर्जदाराकडे एक कोटी येणं आहे. तो दलालामार्फत हवालदिल ठेवीदारांकडून एक कोटीच्या पावत्या समजा चाळीस लाखांना विकत घेतो आणि संस्थेला सांगतो, माझं देणं आणि या पावत्या वळत्या करा. कागदावर हिशेब चोख बसतो. पण ते एक कोटी वसूल होऊन सगळ्या ठेवीदारांत प्रमाणात वाटले जायला हवे होते. कर्जदाराचे साठ लाख वाचले, पावत्या विकणाऱ्यांनी साठ लाख सोडले, आणि ज्यांनी पावत्या विकल्या नाहीत त्यांच्या वाट्याची मालमत्ता एक कोटीने आटली. इंग्लंडच्या दिवाळखोरी नियमांत परस्परांचं देणं-घेणं वळतं करता येतं, पण संस्था बुडीत निघाल्याची सूचना मिळाल्यावर विकत घेतलेलं येणं त्यात धरत नाहीत. आपल्या सहकार कायद्यात एवढी एक स्पष्ट ओळ आली तरी पावत्यांचा बाजार बसेल.

जळगावात मुख्यालय असलेल्या बीएचआर (भाईचंद हिराचंद रायसोनी) या बहुराज्य पतसंस्थेचं प्रकरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१५ मध्ये संचालकांना अटक झाली, संस्था गुंडाळायला अवसायक नेमला गेला, आणि २०२० मध्ये अवसायनाच्याच काळातल्या व्यवहारांवर गुन्हे दाखल झाले. खटल्यांचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. मला दिसतो तो रचनेचा भाग. अशा संस्थेची नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे, शाखा अनेक राज्यांत. जळगावचा जिल्हा उपनिबंधक म्हणतो माझा अधिकार नाही, रिझर्व्ह बँक म्हणते ही बँक नाही, आणि पोलिसांकडे ठेवीदारांच्या हितरक्षणाचा एमपीआयडी कायदा असतो, जो पैसा गेल्यानंतर कामाला येतो. २०२३ च्या दुरुस्तीने बहुराज्य संस्थांसाठी लोकपाल आणला. लोकपाल तक्रार ऐकतो, संस्थेच्या कर्जखात्यात तो डोकावत नाही.

याच्याशी ताडून पाहायला उत्तर आयर्लंडमधली प्रेस्बिटेरियन म्युच्युअल सोसायटी फार जवळची आहे. चर्चच्या नावावर विश्वास, सभासदांच्या ठेवी, पैसा व्यापारी इमारतींत आणि कर्जांत अडकलेला, वर बँक नियामक कोणी नाही. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये सरकार बँकांतल्या ठेवींना आधार देतंय हे दिसल्यावर लोकांनी या बिनहमीच्या संस्थेतून पैसे काढायला सुरुवात केली. नोव्हेंबरात ती प्रशासकाच्या ताब्यात गेली. सुमारे दहा हजार ठेवीदार अडकले आणि २०११ पर्यंत सरकारी मदतीची वाट बघत बसले. संरक्षणाची रेघ अर्धीच ओढली की रेघेबाहेरची संस्था आधी कोसळते, हा धडा ब्रिटनला तिथे मिळाला.

एरवी ब्रिटनने आपल्या पतसंस्थांचा, म्हणजे क्रेडिट युनियनांचा, प्रश्न आधीच बऱ्यापैकी मिटवला होता. २००२ पर्यंत त्या मैत्री संस्थांच्या (सभासदांनी परस्पर मदतीसाठी काढलेल्या संस्थांच्या) निबंधकाकडे होत्या, आपल्या सहकार खात्यासारख्याच. जुलै २००२ पासून त्या वित्तीय नियामकाखाली आल्या आणि त्यांच्या ठेवींना बँकांइतकंच संरक्षण मिळालं. आज ते १,२०,००० पौंड आहे, डिसेंबर २०२५ पासून. आधी ८५,००० होतं. उत्तर आयर्लंडच्या क्रेडिट युनियना मात्र २०१२ साली आत आल्या, दहा वर्षं उशिरा.

आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर येतं: रिझर्व्ह बँकेला पतसंस्था दिली तर सहकार मेला. हे उत्तर सगळंच पोकळ नाही. भुसावळच्या हातगाडीवाल्याला दोन जामीनदारांच्या सहीवर पन्नास हजार दुसऱ्या दिवशी देणारी संस्था बँकेच्या नियमांनी चालवली तर ती ते कर्ज देऊच शकणार नाही. पण लहान संस्थेला लहान नियम लावता येतात. ब्रिटनमध्ये लहान क्रेडिट युनियनला मालमत्तेच्या तीन टक्के भांडवल पुरतं, आकार वाढत गेला की अट चढते. कर्जावरच्या व्याजालाही महिन्याला तीन टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही नागरी बँकांना २०२२ मध्ये चार स्तरांत विभागलं. शंभर कोटींपर्यंत ठेवी असलेल्यांना भांडवल पर्याप्ततेची, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या प्रमाणात स्वतःचं भांडवल ठेवण्याची, अट नऊ टक्के, वरच्यांना बारा. म्हणजे कात्री कुठे किती चालवायची हे तिला कळतं.

राज्याच्या कायद्यात पतसंस्थांसाठी नियामक मंडळ आणि स्थिरीकरण व तरलता सहाय्य निधी यांची तरतूद आहे. त्याला माझा विरोध नाही. पण ज्या खात्याने संस्था वाढवायच्या त्याच खात्याने त्यांचे दोष शोधायचे, आणि त्या खात्याच्या मंत्र्याचे कार्यकर्ते संस्थांचे चेअरमन, हा घोळ मंडळ नेमून सुटत नाही. कलम ८३ ची चौकशी लागते, ८८ खाली जबाबदारी निश्चित व्हायला वर्षं जातात, १०१ चे वसुली दाखले निघतात आणि जप्तीच्या दिवशी फोन येतो.

रिझर्व्ह बँकेच्या हातात जिथे अधिकार आहेत तिथेही सगळं आलबेल नाही. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा पैसे काढण्याची पहिली मर्यादा होती हजार रुपये. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि पाच लाखांवरच्या ठेवीदारांना दहा वर्षांच्या टप्प्यांत पैसे मिळणार असं ठरलं. त्याच्यापुढे मार्च २०२३ ठेवा: सिलिकॉन व्हॅली बँकेची ब्रिटिश उपकंपनी शुक्रवारी डळमळली, सोमवारी सकाळी एचएसबीसीने ती एका पौंडाला घेतलेली होती, आणि खातेदारांनी त्याच दिवशी व्यवहार केले.

हा फरक हुशारीचा नसून तयारीचा आहे. इकडे ब्रिटनमध्ये प्रत्येक बँकेला एका खातेदाराच्या सगळ्या ठेवींची एकत्र फाइल कायम तयार ठेवावी लागते, मागितल्यावर चोवीस तासांत द्यावी लागते. म्हणून विम्याचे पैसे सात कामकाजी दिवसांत देण्याचं उद्दिष्ट ठेवता येतं. आपल्याकडे २०२१ च्या दुरुस्तीनंतर ९० दिवस आहेत: पहिल्या ४५ दिवसांत बँकेने यादी द्यायची, मग महामंडळाने तपासून पैसे द्यायचे. आधीच्या अनंत काळापेक्षा हे पुष्कळच बरं. पण पहिले ४५ दिवस लागतात ते बँकेकडे नीट यादीच नसते म्हणून.

आणि बुडती बँक शनिवार-रविवारी दुसऱ्याकडे सोपवायला वेगळा कायदा लागतो. ब्रिटनने तो नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारातल्या रांगा पाहिल्यावर २००९ मध्ये केला. त्या रांगा लागण्याचं कारणही विमाच. पहिल्या २,००० पौंडांना पूर्ण हमी आणि पुढच्या ३३,००० ना नव्वद टक्के, म्हणजे दहा टक्के जाण्याची भीती प्रत्येकाला. आपलं तसं विधेयक २०१७ मध्ये आलं आणि ‘सरकार तुमच्या ठेवी गिळणार’ या व्हॉट्सअॅप निरोपांच्या लाटेत ऑगस्ट २०१८ मध्ये मागे घेतलं गेलं. बुडत्या बँकेचं नुकसान ठेवीदारांवरही टाकता येईल अशा त्यातल्या कलमातून विमा असलेल्या ठेवी वगळलेल्या होत्या, ब्रिटिश कायद्यातही तशाच वगळल्या आहेत. घाबरवणाऱ्या निरोपांत हे वाक्य नव्हतं.

उत्तरदायित्वाचंही एक सांगतो. दोन्हीकडे महागाईचं लक्ष्य सरकारने कायद्याखाली ठरवलेलं आहे, भारतात चार टक्के अधिक-उणे दोन, ब्रिटनमध्ये दोन टक्के. लक्ष्य एका टक्क्याहून जास्त चुकलं की बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांना अर्थमंत्र्यांना पत्र लिहावं लागतं, ते जाहीर होतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सलग तीन तिमाही चुकल्यावर सरकारला पत्र लिहिलं, पण ते तेव्हा प्रसिद्ध केलं नाही. ते व्हायला हवं होतं.

तोवर खानदेशातल्या ठेवीदाराने पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. पावतीवर ‘बँक’ शब्द आणि परवाना आहे का ते बघा. पतसंस्थेला तो शब्द वापरायला कायद्याने बंदी आहे. बँक असेल तर पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात, त्यामुळे आठ टक्क्यांनी वर्षभर ठेवायचं तर ४ लाख ६० हजारांवर थांबा. दोन शाखांत विभागून उपयोग नाही, बँक वेगळी हवी. पतसंस्था असेल तर वार्षिक अहवालात संचालक व नातेवाइकांकडचं येणं, थकबाकी आणि कोणत्या बँकेत किती गुंतवणूक हे तीन आकडे शोधा. आणि तुम्हाला मत देता न येणारं ‘नाममात्र सभासद’ करून ठेव घेत असतील तर तिथून उठा.

पतसंस्थांच्या ठेवींनाही विमा द्या म्हटलं की खर्चाची ओरड होईल, म्हणून तेही मांडतो. बँकांचा विम्याचा हप्ता २०२० पासून शंभर रुपयांना वर्षाला १२ पैसे असा होता. पन्नास कोटी ठेवींच्या पतसंस्थेला त्या दराने सहा लाख पडतील. जोखीम जास्त म्हणून दुप्पट लावला तर बारा लाख, म्हणजे ठेवीवरच्या व्याजात पाव टक्क्याचीही कपात नाही.