तंजावरच्या दोन ओळी आणि एका सोलापूरकर काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, खाली नुसतं 'एक सोलापूरकर, वय ७१' असं आहे, म्हणून काका म्हणते, चालेल ना. कमेंट चार दिवसांपूर्वीच वाचली होती, लगेच उत्तर टाइप करायला बसलेही होते, पण रागात काहीतरी लिहून गेले असते म्हणून थांबले. आता शांतपणे लिहितेय.

ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सिद्धरामेश्वराची गड्डा यात्रा उठली आणि फेब्रुवारीत मी पंधरा दिवस एकटी मदुरै, रामेश्वर, कन्याकुमारी, तंजावर करून आले आणि इथं लेख लिहिला. १९८४ च्या मे महिन्यात अप्पा आम्हाला रेल्वेच्या पासवर तिकडं घेऊन गेले होते, मी तेव्हा नऊ वर्षांची, तीच सगळी गावं परत बघायची होती. त्या लेखावर काका म्हणतात की पांबनला, म्हणजे रामेश्वरच्या बेटावर जायला, रेल्वेशिवाय रस्ताच नव्हता हे मी धादांत खोटं लिहिलं, कारण ते स्वतः १९९१ ला मिनीबसने पूल ओलांडून गेलेत. दुसरं, म्हातारी आई घरी टाकून बाईमाणसानं असं एकटीनं हिंडणं आणि वर ते लिहून पोरींना भरीस घालणं शोभत नाही. तिसरं, भाषा येत नाही त्या मुलखात जाऊन कळणार काय. आणि शेवटी, जिथं पावणेदोनशे वर्षं मराठ्यांचं राज्य होतं ते तंजावर मी दोन ओळीत उरकलं आणि बाकी पानभर जुनं राहिलं नाही म्हणून रडले.

पांबनचं आधी. काका, तुम्हीही खरं सांगताय आणि मीही. तिथला रस्त्याचा पूल १९८८ साली सुरू झाला. तुम्ही त्यानंतर तीन वर्षांनी गेलात, आम्ही आधी चार वर्षं. तोवर बेटावर जायला रेल्वेच होती, मोटारीनं आलेली माणसंसुद्धा अलीकडं मंडपमला उतरून आगगाडीत बसायची. हे साल मी लेखात द्यायला पाहिजे होतं, दिलं नाही, ते आता टाकते. पण खोटं म्हणू नका हो. रेल्वेच्या पुलाचं मला काय आठवतं सांगू का? माझ्या फ्रॉकचा मागचा पट्टा अप्पांच्या मुठीत आणि मी खिडकीच्या गजाला नाक लावून खाली बघतेय, खाली कठडा नाही, काही नाही, नुसतं हिरवं पाणी, गाडी माणसाच्या चालीनं चाललेली, आणि आई डोळे मिटून सिद्धरामा सिद्धरामा करत बसलेली. अप्पा रेल्वेत फिटर होते, त्यांना त्या पुलाचं लई कौतुक. १९१४ चा पूल, मधला भाग उघडतो, जहाज आलं की माणसं हातानं चाकं फिरवून तो उचलतात, हे सगळं ते शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला पण सांगत होते. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळात बेटाच्या टोकाला धनुष्कोडीला जाणारी अख्खी पॅसेंजर समुद्रात गेली, त्यातलं कुणी वाचलं नाही, पूलही मोडला आणि रेल्वेच्या लोकांनी ४६ दिवसांत परत उभा केला, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. ते काम करणारे इंजिनिअर म्हणजे पुढं कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रो करणारे श्रीधरन, हे मला खूप वर्षांनी कळलं. अप्पांना तेव्हा ते नाव माहीत असेल असं वाटत नाही, त्यांच्यासाठी ते 'आपले रेल्वेचे लोक' होते.

आता नवा पूल आहे, ६ एप्रिल २०२५ ला सुरू झालेला, त्याचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर जातो. गाडी भरभर पार झाली. मला भरून आलं हे खरं, पण पूल बदलला म्हणून नाही हो, अप्पांना हा बघायला मिळाला असता तर त्यांनी डबाभर माणसांना समजावून सांगितला असता म्हणून. ह्याला रडणं म्हणायचं असेल तर म्हणा. कन्याकुमारीला तर उलट झालं, आमच्या वेळी समुद्रात एकटं विवेकानंद स्मारक होतं, आता शेजारच्या खडकावर तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा आहे, त्यांच्या तिरुक्कुरळ ग्रंथाचे अध्याय १३३ म्हणून तेवढे फूट, आणि मला तो मनापासून आवडला, लेखात तसं लिहिलंही आहे.

आईचं. हे वाक्य मला लागलं काका. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, गुडघे गेलेत, पण डोकं लख्ख आहे. तिला 'टाकून' गेले नव्हते, पंधरा दिवस भाऊ-वहिनी येऊन राहिले होते आणि जा म्हणणारी पहिली तीच. आधी म्हणाली, एकटीच कुठं जायलीस गं, मग दोन दिवसांनी स्वतःच शेंगाचटणी कुटून पिशवीत भरून दिली. आणि एकटीच का, तर भावाबरोबर गेले असते तर प्रत्येक ठिकाणी तो म्हणाला असता, अगं तसं नव्हतं, असं होतं, आणि मी गप्प बसले असते. शाळेची सहल नेते तेव्हा चाळीस डोकी मोजण्यात माझा दिवस जातो. ह्या वेळी मला काही मोजायचं नव्हतं, एका खांबापाशी तासभर बसायचं होतं. त्रास झालाच नाही असं नाही. मदुरैत एका लॉजवाल्यानं एकट्या बाईला रूम देत नाही म्हणून रात्री साडेनऊला परत पाठवलं, दुसऱ्यानं दिली. हे मी लेखात लपवलं नव्हतं. पोरींनी ते वाचावं आणि रूम आधी बुक करून जावं. जाऊच नये असं मी कुणाला सांगणार नाही.

आणि भाषेचं सोलापूरच्या माणसानं म्हणावं ह्याचं आश्चर्य वाटलं. आपण कुठं राहतो बघा की. माझ्या वर्गात निम्म्या पोरी पूर्व भागातल्या, घरी तेलुगू, दारात आलेल्या भाजीवालीशी कानडी, शाळेत मराठी. पाणी मागायचं तर 'नीर कोडरी' हे कानडी मला आपल्या मंगळवार पेठेत शिकवलंय, तेलुगू मैत्रिणीच्या घरी ते नीळ्ळु होतं आणि तिकडं तमिळमधे तण्णीर. नीर ऐकलं की समोरचा तांब्या पुढं करतो. मदुरैत मीनाक्षीच्या देवळाबाहेर मोगरा घेतला, तिथं गजरा नगावर नाही, मोळम मोजून देतात, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक. फुलवालीनं स्वतःच्या हातावर एक मोळम मोजला, कापायला कात्री लावली, मग माझ्याकडं बघून कात्री चार बोटं पुढं सरकवली आणि तिथं कापला. काही बोलली नाही. मला सगळं कळलं काका.

आता तंजावर. इथं तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकले. दोन ओळी लिहिल्या त्या वेळ नव्हता म्हणून नाही, लिहिवत नव्हतं म्हणून. का ते सांगते.

बृहदीश्वराच्या देवळाचं शिखर दोनशे फुटांच्या वर आहे, राजराज चोळानं १०१० साली पुरं केलेलं. १९८४ ला अप्पांनी आम्हाला सांगितलं की ह्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. कुणीतरी गाईडनं त्यांना सांगितलं असणार, आजही सांगतात. मी ते चाळीस वर्षं जपलं. वर्गात पोरींना सांगितलं. मला तर मी स्वतः बघितल्याचं आठवत होतं, एवढं मोठं शिखर आणि खाली लख्ख ऊन. ह्या वेळी सकाळी साडेआठला देवळाच्या मागच्या अंगणात गेले आणि शिखराची सावली समोर दगडी फरशीवर पसरलेली, लांबलचक, काळीभोर, टोकासकट. अनवाणी होते. उन्हातल्या फरशीवर पाय कोमट आणि एक पाऊल सावलीत टाकलं की गार. चार-पाच वेळा तसंच आत-बाहेर केलं मी. मग वाटलं, म्हणजे मला जे आठवतं ते मी बघितलेलंच नाही. अप्पांनी सांगितलं आणि मी ते चित्र मनात काढलं. अप्पा जाऊन सहा वर्षं झाली, त्यांचं म्हणणं सगळ्यांसमोर खोडायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मोठं देऊळ, सुंदर आहे, असं लिहून पुढं गेले.

पण त्यामुळं बाकीचंही राहून गेलं ते वाईट झालं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे १६७५ च्या सुमारास तिथं गादीवर बसले आणि ते राज्य १८५५ पर्यंत चाललं. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसल्यांचा सगळा इतिहास त्याच देवळाच्या आवारातल्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. चारी बाजूंना तमिळ अक्षरं, त्यातलं एक वाचता येत नाही, आणि एकदम भिंतीवर आपली अक्षरं, ओळीच्या ओळी. मी बोट न लावता हवेतच गिरवत वाचत होते, जुनी भाषा, शब्द तोडलेले नाहीत, तरी मधेच एखादा शब्द झटकन कळतो आणि अंगावर काटा येतो. सरस्वती महालाच्या ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आहेत, मोडीचे गठ्ठे आहेत. हे सगळं दोन ओळीत उरकलं ही तुमची तक्रार मान्य.

घरी आल्यावर आईला भीत भीत विचारलं, तंजावरला सावली पडत होती का गं. ती ज्वारी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "पडत होती की. मागं सतरंजी टाकून भाकरी कुठं खाल्ली मग आपण? मे महिन्यात तुम्हा लेकरांना घेऊन उन्हात बसले असते होय मी?" मी म्हटलं, मग अप्पांना तेव्हाच का नाही सांगितलंस. तर म्हणाली, "ते सांगत होते, तुम्ही तोंड उघडं टाकून ऐकत होतात. कशाला मोडायचं?"

तंजावरचा वेगळा लेख येत्या रविवारी टाकते, शिलालेखाचे फोटोही टाकीन. तुमच्याकडं १९९१ च्या रामेश्वरचे फोटो असतील तर पाठवा काका, तो रस्त्याचा पूल तेव्हा नवानवा असताना कसा दिसायचा ते मला बघायचंय.