दर आठवड्याला अपडेट टाकायचं व्रत मी सोडलं, त्याची गोष्ट

एकट्याने ॲप किंवा गेम बनवणाऱ्यांच्या कानावर हा सल्ला कधी ना कधी पडतोच: दर आठवड्याला, निदान पंधरवड्याला अपडेट टाक, म्हणजे स्टोअर तुला वर ठेवतं. मीही वर्षभर हे व्रत इमानेइतबारे पाळलं. करण्यासारखं काही नसलं की एखाद्या बटणाचा रंग बदलायचा, व्हर्जनचा आकडा एकाने वाढवायचा आणि 'किरकोळ दुरुस्त्या' लिहून मोकळं व्हायचं. डाउनलोडचा आलेख जिथे होता तिथेच राहिला. (तो सपाट होता, हे वेगळं सांगायला नको.)

मग एका शुक्रवारी रात्री, आठवडा चुकू नये म्हणून घाईघाईत नवं बिल्ड (गेमची तयार प्रत) स्टोअरवर चढवलं. त्यात माझ्या कोड्यांच्या गेमची सेव्ह फाइल, म्हणजे खेळाडूची प्रगती जिथे साठते ती, वाचायची पद्धत बदलली होती. मी तपासलं ते गेम नव्याने इन्स्टॉल करून, त्यामुळे सगळं छान दिसलं. जुन्या खेळाडूंच्या शंभर-दीडशे लेव्हल मात्र साफ! वेबसाइट असती तर जुनी प्रत पाच मिनिटांत परत लावली असती. इथे रोलआउट, म्हणजे लोकांच्या फोनवर अपडेट पोचणं, थांबवता येतो, पण ज्यांच्या फोनवर बिल्ड उतरलं त्यांच्याकडून ते माघारी घेता येत नाही. आकडा आणखी वाढवून नवं बिल्ड पाठवायचं आणि ते मंजूर होईपर्यंत एक-एक स्टारचे रिव्ह्यू वाचत बसायचं. दोन दिवस मी तेच केलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. अपडेटला कारण लागतं, वार लागत नाही.

क्रॅश हे कारण आहे, आणि ते त्याच दिवशीचं. गूगल प्लेने तर आकडाच लिहून ठेवलाय: रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्के किंवा त्याहून जास्त जणांना क्रॅश जाणवला, किंवा ०.४७ टक्क्यांना ॲप अडकून पडल्याचं दिसलं, तर स्टोअरमध्ये तुम्ही मागे पडू शकता. रंग बदललेल्या बटणाबद्दल असं कुठे लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

पण 'माझा गेम पूर्ण झालाय, आता हात लावणार नाही' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. जागा स्टोअरची आहे आणि नियम दरवर्षी बदलतात. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिटची, म्हणजे जुन्या बांधणीची, ॲप्स एका फटक्यात उघडेनाशी झाली. २०२२ मध्ये ॲपलने तीन वर्षं अपडेट नसलेल्या आणि फारसं कोणी डाउनलोड करत नसलेल्या ॲप्सना काढून टाकण्याच्या नोटिसा धाडल्या. आधी ३० दिवसांची मुदत होती, ओरड झाल्यावर ९० झाली. प्लेवर टार्गेट एपीआयची, म्हणजे ॲप अँड्रॉइडच्या पुरेशा नव्या व्हर्जनसाठी बनवलेलं असण्याची, ३१ ऑगस्ट ही तारीख तर आता सणासारखी ठरलेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये युनिटी या गेम बनवायच्या इंजिनात सुरक्षेची त्रुटी निघाली आणि २०१७ पासूनच्या व्हर्जनवर बनलेले अँड्रॉइड गेमसुद्धा पुन्हा बिल्ड करायची वेळ आली. ज्यांनी प्रोजेक्ट तीन-चार वर्षं उघडलाच नव्हता त्यांचे काय हाल झाले असतील, कल्पना करा.

म्हणून दर तीन महिन्यांनी मी प्रोजेक्ट उघडते, लायब्ऱ्या (इतरांनी लिहिलेला, आपण वापरतो तो तयार कोड) नव्या करते आणि बिल्ड होतंय का एवढं बघते. दरवेळी ते स्टोअरवर जातंच असं नाही. गेलंच तर सोमवारी, आधी पाच टक्के लोकांना, आणि स्वतःच्या फोनवर जुन्या व्हर्जनवर चढवून बघितल्यावरच.

'खेळाडू विसरतील' ही भीतीही मला जरा फुगवलेली वाटते. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गाजलेल्या गेमचं १.६ व्हर्जन कॉम्प्युटरवर मार्च २०२४ मध्ये आलं, मोबाइलवर नोव्हेंबरात. लोक थांबले. अर्थात तेवढं नाव आपलं नाही, हे मान्य.

परवा एकाने मेल केला, 'चार महिने अपडेट नाही, गेम सोडून दिलात का?' मी विचारलं, काही बिघडलंय का? उत्तर आलं, 'नाही हो, लेव्हल संपल्या.' हे कारण मला मान्य आहे. चाळीस नवी कोडी करायला घेतलीत, अकरा झालीत.