आजींनी दिलेली सुपारी

थायलंडच्या ईशान्य भागातल्या, ईसानमधल्या लग्नाला निघालो तेव्हा सगळ्यांनी मला मिरचीची भीती घातली होती. सुपारीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

ऑफिसातल्या सहकाऱ्याचं लग्न, खोन केनजवळच्या खेड्यात. नवरदेवाची मंडळी ढोल बडवत वधूच्या दारी जातात त्या मिरवणुकीचं नावच 'खान माक', म्हणजे पानसुपारीचा वाडगा. वाटेत वधूकडच्या मुली सोन्याच्या साखळ्या आडव्या धरतात आणि पाकीट घेतल्याशिवाय सोडत नाहीत. (आपल्या बूट पळवणाऱ्या करवल्या त्यामानाने धर्मादायच.) वाडग्यातली सुपारी मात्र कुणी तरुण तोंडात घालत नाही. ती फोटोपुरती.

खाणारी पिढी ओसरीवर बसली होती. ओठ लालभडक, दात काळेभोर. एके काळी असे दात देखणेपणात जमा होत. पाहुणा भारतातला म्हटल्यावर आजींचे चेहरे फुलले. नवरदेवाची बहीण दुभाषी झाली. "आजी विचारतायत, तुमच्याकडेही खातात ना?"

आता इथे 'नाही' कोण म्हणणार?

हिरवं पान, त्यावर हळद घालून लाल केलेला चुना, वर ओल्या सुपारीची फोड. गुलकंद नाही, बडीशेप नाही, वरची ती चेरीसुद्धा नाही. शेजारच्या बिनदाताच्या आजी आपला विडा पितळी नळीत घालून दांड्याने कुटत होत्या. मला नळी नको, दात आहेत, असं सर्वानुमते ठरलं.

आधी तोंड तुरट झालं, मग कानशिलं तापली, मग घामाने सदरा पाठीला चिकटला. सुपारी लागली! तोंडात लाल पूर, पिकदाणी थेट पलीकडच्या आजींच्या मांडीशी, आणि नेमकी तेव्हाच चौकशी सुरू झाली. लग्न झालं का? पगार किती? मी सगळ्याला नाकातून 'हूं' म्हणत होतो. पगार ऐकून त्या खूश दिसल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथल्या पंतप्रधान फील्ड मार्शल पिबून यांनी देश आधुनिक दिसावा म्हणून टोपी सक्तीची केली, पानसुपारीवर बंदी घातली आणि सुपारीची झाडंही तोडायला लावली. एरवी मला हुकूमशहांचं कौतुक नाही. त्या क्षणी मात्र तो माणूस द्रष्टा वाटला. १९४४ साली त्यांची खुर्ची गेली आणि आज्या पुन्हा चघळायला लागल्या. सुपारीने कर्करोग होतो हे २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केलं, तेही या ओसरीपर्यंत पोचलेलं दिसलं नाही. नातवंडांनी मात्र सुपारी आपणहून सोडली, फर्मानाशिवाय.

शेवटी पिकदाणी माझ्याकडे सरकवण्यात आली. नेम बराचसा बसला. आजींनी पाणी दिलं, पाठीवर थाप मारली आणि नवरदेवाच्या बहिणीकरवी विचारलं, "भारतात गाव कुठलं?"

माझं गाव श्रीवर्धन. तिथली रोठा सुपारी अख्ख्या महाराष्ट्रात जाते. मी बेधडक नाशिक सांगितलं. त्यांची द्राक्षं आहेत, त्यांना काय फरक पडतो?