पाट, गोळ्यांची पेटी आणि ‘गळ्यात मारलेल्या’ भेटी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आईसाठी केलेला बसायचा पाट आणि सासऱ्यांसाठी केलेली औषधाच्या गोळ्यांची पेटी यांबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूंसाठी मी सुट्ट्या आणि चांगलं सागवान घालवतो. त्यात सुताराचं काम हिसकावतो. आईच्या पाटाची फळी घट्ट चिकटवायची सोडून स्क्रूला लांबट भोकं ठेवली, हे कच्चं काम. वर सनमायकाही लावला नाही. आणि मला सर्वांत जास्त लागलेलं वाक्य : ‘घरच्यांना हाताने केलेली वस्तू देणं म्हणजे ती गळ्यात मारणं, कारण त्यांना नको म्हणायची सोय राहत नाही.’

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो.

आई अजूनही खाली बसूनच भाकरी थापते. शेगडी जमिनीलगतच्या बुटक्या कट्ट्यावर, समोर काटवट. ओट्याशी उभं राहून तिला जमत नाही आणि आता गुडघ्यांमुळे साध्या पाटावरून उठणंही जमत नाही. बाजारातला पाट दोन-तीन इंच उंच, स्टूल किंवा मोडा फुटाच्या वर. स्टुलावर बसलं तर काटवटीपर्यंत हात पोचत नाही. तिला हवी होती मधली उंची, आणि ती किती हे तिच्याशिवाय कोणी सांगू शकत नव्हतं. म्हणून आधी विटा रचल्या, वर जुनी सोलापुरी चादर घडी करून टाकली आणि तिला भाकऱ्या थापायला बसवलं. वीट काढ, फळकूट घाल, असं करत सात इंचांवर ती म्हणाली, ‘आता उठताना हाताचा टेका लागत नाही.’ मग मी लाकूड कापलं. नको म्हणायची सोय तिला पहिल्या विटेपासून होती.

सासऱ्यांच्या पेटीचंही तसंच. त्यांचे हात थरथरतात. दुकानातल्या डब्या सुट्या गोळ्यांसाठी असतात, पण त्यांना गोळी पाकिटातच हवी, कारण नाव वाचून खात्री करायची असते. त्यांची सगळी पाकिटं टेबलावर मांडून मी मापं घेतली आणि तेवढे कप्पे केले. झाकणाला कडी नाही, बोट घालायला खोलगट खाच आहे. हे माप कुठल्याच दुकानात नसतं, आणि तो काही दुकानदाराचा दोष नाही.

न विचारता, स्वतःच्या हौसेने, लग्नात भलंमोठं कपाट नेऊन ठेवणारा माणूस खरंच गळ्यात मारतो. तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

आता लांबट भोकं. यावर थोडं रेंगाळणार आहे, कारण सोलापुरात लाकूडकाम करणाऱ्याने दुसरं काही नाही शिकलं तरी हे शिकायला हवं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर रुंदीत फुगतं-आक्रसतं. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा ठणठणीत कोरडी असते. ऑगस्ट-सप्टेंबरात तीच हवा दमट होते. सागाची फळी ओली असल्यापासून पूर्ण कोरडी होईपर्यंत, तिच्यावर कमानीसारख्या रेषा असतील तर, रुंदीत सुमारे ५.८ टक्के आक्रसते. रेषा सरळ समांतर असतील तर सुमारे २.५ टक्के. म्हणजे कमानीच्या रेषांची १२ इंची फळी लाकडातल्या ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला की दोन ते अडीच मिलिमीटर हलते. आणि साग हा कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे!

पाटाखाली दोन आडव्या पट्ट्या आहेत. त्यांची लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेने जाते. पट्टी त्या दिशेने हलत नाही, फळी हलते. दोन्ही गोंदाने पक्कं चिकटवलं तर उन्हाळ्यात फळीला आक्रसायला जागाच मिळत नाही आणि ती मधोमध तडकते. म्हणून मधला स्क्रू पक्का आणि कडेचे स्क्रू लांबट भोकांत. हे कच्चं काम म्हणू नका. जुन्या दारांच्या चौकटीतल्या फळ्याही खाचेत मोकळ्या बसवलेल्या असत, त्या याच कारणाने.

सनमायका मी एवढ्यासाठीच टाळला. भरीव फळीच्या एकाच बाजूला लावला की ती बाजू बंद होते, दुसरी हवा घेत राहते आणि फळी वाकते. प्लायवूडवर तो शोभतो, तिथे मीही वापरतो. पाटाला जवसाचं कच्चं तेल दिलंय. हार्डवेअरच्या दुकानातल्या ‘उकळलेल्या’ तेलात लवकर वाळण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात, ते मला स्वयंपाकघरात नको. कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं, घेऊ दे. एक मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा : या तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंधी पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

सागवान वाया जातं म्हणालात. हे लाकूड वखारीत आलेल्या जुन्या तुळईचं आहे. जुन्या पेठांतली, आसपासच्या गावांतली माळवदाची (मातीच्या सपाट छताची) घरं पाडली की तुळया आणि कडीपाट वखारीत येतात, आणि कोणी घेतलं नाही तर बरंच लाकूड चुलीत जातं. वर्षानुवर्षं छताखाली वाळलेलं लाकूड नव्याने कापलेल्या लाकडापेक्षा शांत असतं, म्हणजे कमी हलतं. आत मोडके खिळे असतात, म्हणून रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवायचा. सालीजवळचा पांढुरका भाग काढून टाकायचा, कीड तिथेच लागते. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही.

सुताराच्या पोटावर पाय देण्याबद्दल : आमच्या घरची दारं, पलंग, कपाटं सुतारमिस्त्रींनीच केली आणि पुढेही तेच करतील. पटाशीला धार लावायला मला त्यांनीच शिकवलं. गोळ्यांच्या पेटीसारख्या कामाला ते स्वतःच म्हणतात, ‘हे तुम्हीच करा, याची मजुरी मी काय सांगू?’

शेवटी तुम्ही विचारलंय की पाट धुतला तर काय होईल. ओल्या फडक्याने पुसायचा आणि लगेच कोरड्या फडक्याने. पाण्यात भिजत ठेवायचा नाही, उन्हात घालायचा नाही. भिंतीला उभा टेकवून सावलीत ठेवायचा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वाळतात. तेलाचा हात वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत दिला तरी चालतो.