डिफॉल्ट एक्सपोर्टनं डोकं आउट केलंय

कालची अख्खी दुपार गेली भो. जळगावचं मे महिन्याचं ऊन, लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली, आणि तिकडून रावेरचा केळीचा व्यापारी फोनवर ओरडू राहिला की ॲपमध्ये क्विंटलचा भाव १८ रुपये कसा काय दिसतो, शेतकरी येऊन बसलेत माझ्यासमोर, त्यांना काय सांगू. १८०० पाहिजे तिथं १८!

निघालं काय, तर ॲपच्या जावास्क्रिप्ट कोडमध्ये टीममधल्या पोरानं केळीच्या भावाच्या फाइलमधलं एक्सपोर्ट डिफॉल्ट (म्हणजे 'या फाइलमधून बाहेर द्यायची मुख्य गोष्ट ही' असा शिक्का) क्विंटलवाल्या फंक्शनवरून, म्हणजे क्विंटलचा भाव देणाऱ्या कोडच्या तुकड्यावरून, काढलं आणि किलोवाल्यावर लावलं. बस एवढंच. एक एरर नाही, एक वॉर्निंग नाही. दुसऱ्या फाइलीत ते मागवायच्या, म्हणजे इम्पोर्टच्या ओळीत नाव अजून 'क्विंटलभाव'च आहे आणि आत येतंय किलोचं, कारण डिफॉल्टला तुम्ही काय नाव ठेवलं याच्याशी घेणंदेणंच नाही, बटाटा लिहा तरी चालतं. तेच कर्ली ब्रॅकेटमध्ये नावानं मागितलं असतं तर त्या नावाचंच आलं असतं, आणि पोरानं ते काढून टाकलं असतं तर या नावाचं एक्सपोर्टच नाही म्हणून तिथंच एरर येऊन सगळं थांबलं असतं, व्यापाऱ्यापर्यंत गेलंच नसतं ना!

बरं, दुरुस्त करायला बसलो तर एकच फंक्शन एका फाइलमध्ये 'गेटरेट', दुसरीत 'रेटफॉरमॅट', तिसरीत नुसतं 'युटिल'. सर्च मारायचा तरी कशावर? आजी बाळ्या म्हणते, मावशी सोन्या म्हणते, ते घरात ठीक आहे, कोडमध्ये कशाला?

आणि जुना सर्व्हरचा कोड रिक्वायरवाला (फाइल मागवायची इम्पोर्टच्या आधीची पद्धत), त्याचा वेगळाच ताप. नवी फाइल बिल्डमधून, म्हणजे जुन्या पद्धतीत बदलायच्या पायरीतून, गेली की हातात फंक्शन नाही, त्याला आत ठेवलेला डबा, म्हणजे ऑब्जेक्ट येतं, मागं डॉट डिफॉल्ट लावायचं विसरलं की 'इज नॉट अ फंक्शन'. २०१५ मध्ये जावास्क्रिप्टच्या ईएस६ आवृत्तीसोबत मॉड्यूल (एकमेकांना कोड देणाऱ्या फाइली) आले तेव्हाच नावानं एक्सपोर्ट करायची सोय होती की, आणि हे डिफॉल्ट म्हणजे तरी आतून काय, 'डिफॉल्ट' नावाचं एक एक्सपोर्टच. मग फंक्शनला त्याचं स्वतःचं नाव द्यायला काय जातं रे बाबांनो? वेबसाइट बनवायच्या टूलांपैकी नेक्स्टच्या पेज फाइलींना आणि रिॲक्टच्या लेझीला (लागेल तेव्हाच कोड आणणारी सोय) डिफॉल्टच लागतं, तेवढं ठेवा, बाकी काढा.

मी सकाळपासून तेच करू राहिलो. ४३ फाइली झाल्या, अजून तेवढ्याच असतील. ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये नो डिफॉल्ट एक्सपोर्टचा नियम चालू केलाय, आता कोणी परत टाकलं तर मी मर्ज करणार नाही, म्हणजे मेन कोडमध्ये घेणार नाही, मग कितीबी फोन करा.